तांब्याच्या पदकांवर दर पावसाळ्यात परतणारी हिरवी पूड : तपासण्या, उपाय आणि कुठं थांबायचं

आषाढ लागला की बडोद्यातल्या ओळखीच्या संग्राहकांचे फोन सुरू होतात आणि गाऱ्हाणं बहुतेकांचं तेच असतं. "काका, गेल्या वर्षी चांगलं पुसून ठेवलं होतं. परत आलंय." पदक कुणाचंही असो, त्यावरच्या व्हिक्टोरिया राणीच्या केसांच्या बटांत, कानामागे, मान जिथं कापलेली दाखवतात त्या रेषेखाली फिकट हिरवी पूड साचलेली असते. माणूस ती पुसतो, पदक पुन्हा डबीत जातं, आणि दहीहंडीच्या आसपास पुन्हा फोन येतो.

आपल्याकडे फिरणारी एकोणिसाव्या शतकातली मुखचित्राची पदकं साधारण ठरलेली आहेत. १८९७ सालच्या व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवाचं पदक सगळ्यांत जास्त. त्याच्या एका बाजूला म्हातारी राणी, डोक्यावर ओढणी, आणि मागच्या बाजूला १८३७ सालची तरुण राणी. ते मोठ्या आकारात साधारण ५६ मिलिमीटरचं, छोट्या आकारात साधारण २५ मिलिमीटरचं. त्याखालोखाल १८८७ च्या सुवर्णमहोत्सवाची, १८८६ च्या लंडनमधल्या 'कलोनियल अँड इंडियन' प्रदर्शनाचं युवराजाचं शिर असलेलं, क्वचित कुणाकडे १८५१ च्या महाप्रदर्शनाचं विल्यम वायननं कोरलेलं, आणि अधूनमधून पॅरिसच्या टांकसाळीची पदकं. बाजारात या सगळ्यांना सरसकट 'ब्राँझ' म्हणतात. त्यातली बरीच, विशेषतः शतकाच्या पूर्वार्धातली, निव्वळ तांब्याची असतात. छाप मारून झाल्यावर टांकसाळीतच उष्णता आणि रसायनं वापरून त्यांच्यावर चॉकलेटी तपकिरी रंग चढवलेला असतो. ही तपकिरी साल फार पातळ असते. ती गेली तर परत येत नाही, आणि पदकाची निम्म्याहून अधिक किंमत तिच्यातच असते. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवा, कारण हिरव्या पुडीपेक्षा ती पूड काढायच्या खटपटीनं बिघडलेली पदकं मी जास्त पाहिली आहेत.

लक्षणं

सगळं हिरवं सारखं नसतं. आधी आपल्याकडे नेमकं कोणतं आहे ते ठरवा.

फिकट, पिस्त्यासारखी, कोरडी पूड, ठिपक्याठिपक्यांनी, टोचलं की भुरभुरते आणि खाली बारीक खड्डा दिसतो, पुसल्यावर काही आठवड्यांत त्याच जागी परत. ही खरी तक्रार. इंग्रजीत 'ब्राँझ डिसीज' म्हणतात तीच, आणि शुद्ध तांब्यालाही ती होते.

गर्द हिरवा, कधी निळसर, मेणचट चिकट थर. टूथपिकला लेपासारखा लागतो. बहुतेकदा पदकाच्या सगळ्यांत उंच भागावर, म्हणजे गालावर, नाकावर, कडेवर. हा प्लास्टिकचा किंवा तेलाचा प्रताप. दिसायला जास्त घाण, पण बरा व्हायला सोपा.

कडक, गुळगुळीत, एकसारखा गडद हिरवा किंवा तपकिरी थर. नख फिरवलं तरी हलत नाही. ही जुनी स्थिर साल. याला काही करायचं नाही. अनेक जण यालाच रोग समजून घासत बसतात.

फक्त कडीभोवती हिरवं, किंवा फक्त काठावरच्या एका रेषेतून हिरवट-निळं झिरपल्यासारखं. यांची कारणं वेगळी आहेत, ती पुढे येतील.

काळे पट्टे किंवा डाग म्हणजे गंधक. रबरबँड, लोकरीचं कापड, रबरी अस्तर शोधा आणि काढून टाका. एवढ्यावर हा विषय संपतो.

परत का येतं

तांब्याच्या आत कुठंतरी मीठ शिरलेलं असतं, म्हणजे क्लोराइड. ते तांब्याशी मिळून क्युप्रस क्लोराइड बनतं आणि सालीखाली गप्प बसून राहतं. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन त्याच्यापर्यंत पोहोचला की त्याची हिरवी पूड होते, आणि त्याच वेळी थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. हे आम्ल शेजारचं नवं तांबं खातं, पुन्हा क्लोराइड तयार होतं, आणि चक्र चालू राहतं. तुम्ही पुसता ती पूड म्हणजे चुलीतली राख. विस्तव खालीच असतो.

हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ४२ ते ४६ टक्क्यांच्या खाली असली की ही क्रिया जवळजवळ थांबते. पंचावन्नच्या पुढे ती जोर धरते. बडोद्यात श्रावणात घरातली आर्द्रता सहज ऐंशीच्या वर असते. म्हणून हिवाळ्यात 'बरं झालेलं' पदक पावसाळ्यात पुन्हा आजारी पडतं. मधल्या काळात काहीच बरं झालेलं नसतं, ते नुसतं वाळलेलं असतं. खरेदीच्या वेळीही हेच लक्षात घ्या. फेब्रुवारीत कोरडंठाक दिसलेलं पदक जुलैत बोलायला लागतं.

म्हणजे प्रश्न दोन : मीठ कुठून आलं, आणि ओलावा कुठून येतोय. खालच्या तपासण्या याच दोन प्रश्नांच्या मागे आहेत. पहिल्या फुकटातल्या आहेत. खर्च आणि धोका पुढेपुढे वाढत जातो.

आधी हे : पुसू नका

पूड दिसली की हात थेट रुमालाकडे जातो. थांबा. पदक कडेनं धरून बाकीच्यांपासून वेगळं काढा. हा काही साथीचा रोग नाही, पण क्लोराइडची पूड शेजारच्या पदकावर सांडायला नको. मग फोटो. खिडकीपाशी, उजेड एका बाजूनं तिरका पडेल असं, शेजारी पट्टी ठेवून, दोन्ही बाजू आणि काठ. तारीख मोबाइलमध्ये येतेच. पूड वाढतेय की आहे तेवढीच आहे याचं उत्तर महिन्यानं याच फोटोवरून मिळतं. आठवणीवर भरवसा ठेवू नये. मला विचारायला येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांकडे 'आधीचा' फोटोच नसतो, आणि मग आम्ही दोघंही अंदाज बांधत बसतो.

भिंग आणि टूथपिक

सोनाराकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि लाकडी टूथपिक, इतकंच लागतं. सुई किंवा टाचणी नको, ती तांब्यावर ओरखडा पाडते. भिंगातून बघत, अगदी हलक्या हातानं पूड टोचा. भुरभुरली आणि खाली खड्डा दिसला तर सक्रिय क्षरण, म्हणजे तांबं अजून खाल्लं जातंय. लेपासारखी लागली तर मेणचट प्रकार. काहीच हललं नाही तर साल, आणि तुमचं काम इथंच संपलं.

केसांच्या बटा नीट बघा. १८९७ च्या पदकावर ओढणीच्या चुण्या आणि केस यांच्यामधल्या घळी इतक्या अरुंद आहेत की नुसत्या डोळ्यांना तिथं थोडा हिरवट रंग दिसतो. भिंगातून मात्र वाळूच्या कणांसारखे सुटे फिकट गोळे दिसतात. तसे गोळे अक्षरांच्या पोटात, म्हणजे 'ओ' आणि 'डी'च्या आत, दिसले तर क्लोराइड बाहेरून लागलेलं असण्याची शक्यता जास्त, कारण धुण्याचं किंवा घासण्याचं पाणी तिथंच साचतं. मोकळ्या सपाट जागेत एकटाच ठिपका, मध्ये खड्डा, असं असेल तर एखाद्या बोटाच्या ठशातलं किंवा शिंकेच्या थेंबातलं मीठ. हो, शिंकेच्या. पदक तोंडासमोर धरून बोलणारे लोक मी पाहिलेत.

घरातल्यांना विचारा

ही तपासणी फुकटची आहे आणि सगळ्यांत जास्त उत्तरं हिच्यातूनच मिळतात. पदक तुमच्याकडे येण्याआधी कुठं होतं? आपल्या मराठी घरांत तांब्याची वस्तू म्हटली की दिवाळीच्या आधी चिंच, मीठ आणि लिंबू आलंच. तांब्याभांड्यांबरोबर राणीही घासली जाते. चिंचेतलं आम्ल तपकिरी साल खातं आणि मीठ नव्या उघड्या तांब्यात शिरतं. त्या दिवशी पदक लखलखीत गुलाबी दिसतं आणि सगळे खूश होतात. वर्षा-दोन वर्षांनी पूड सुरू. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यातून आलेलं पदक मी पाहिलं होतं. ते देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी ठेवलेलं, रोज गंधफूल आणि अधूनमधून पंचामृत. त्याच्या अक्षरांत कुंकवाचा लाल आणि पुडीचा हिरवा असे दोन्ही रंग होते. भक्तीला मी काही म्हणत नाही, पण तांब्याला पंचामृत झेपत नाही.

पुराचंही विचारा. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर, दोन्ही वेळा तळमजल्यांवरची कपाटं भिजली. ते पाणी नुसतं पावसाचं नव्हतं, त्यात गटारही होतं. तेव्हा पदक ओलं झालं असेल आणि नुसतं पुसून ठेवलं असेल, तर मीठ कुठून आलं हे शोधत बसू नका.

तिसरा प्रश्न : हातात कोण घेतं? घामात मीठ असतं. नवरात्रात गरब्याहून आलेला भाचा "मामा, दाखवा ना" म्हणतो आणि मामा दाखवतात. मुखचित्रावर अंगठा टेकला की महिना-दोन महिन्यांत त्या अंगठ्याच्या रेषा उमटतात. धरायचं ते कडेनं. सुती हातमोजे घाम शोषून पुढे पोहोचवतात, शिवाय पकड सुटते. नायट्राइलचे पातळ हातमोजे बरे.

अल्बम आणि डबी

मेणचट प्रकार असेल तर गुन्हेगार बहुतेकदा मऊ प्लास्टिकचा अल्बम. ही पानं पीव्हीसीची असतात, त्यांना मऊ करायला घातलेली रसायनं कालांतरानं पाझरतात, आणि पीव्हीसीतला क्लोरीनही सुटतो. नव्या रेक्झिनसारखा वास आला, पान बोटाला किंचित तेलकट लागलं, तर संशय धरा. खात्री करायची असेल तर विजेच्या तारेतल्या तांब्याचा तुकडा पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत लाल करा, गरम टोक पानाच्या कोपऱ्याला टेकवा आणि तेच टोक पुन्हा ज्योतीत न्या. ज्योत लख्ख हिरवी झाली तर त्या प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे. धूर वाईट असतो. खिडकी उघडी ठेवा, तुकडा नखाएवढाच घ्या, आणि हे अर्थातच पदक दुसऱ्या खोलीत ठेवून करा.

डब्यांच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. ३ असेल तर पीव्हीसी, नको. ५ म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, चालेल. स्वयंपाकघरातले क्लिपवाले हवाबंद डबे बहुधा याच जातीचे असतात, आणि या कामाला महागड्या नाणेपेट्यांपेक्षा ते सरस ठरतात.

लाकडी खणांची कपाटं दिसायला छान, पण प्लायवूड आणि एमडीएफमधून आम्लाची वाफ येत राहते, विशेषतः बंद खणात. मूळ चामडी डबीही पदकापासून वेगळी ठेवा. चामडं, सरस आणि मखमल यांतलं काहीच तांब्याचं मित्र नाही. डबी फेकू नका मात्र, तिलाही किंमत आहे. कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर त्या काढा. त्यांतल्या काही पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात, आणि त्यातही क्लोरीन आहेच.

मेणचट थर निघतो. रसायनांच्या दुकानातलं शुद्ध ॲसिटोन काचेच्या भांड्यात घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. आधी काठावर कापसाच्या बोळ्यानं तपासा. बोळा तपकिरी झाला तर थांबा. तो टांकसाळीचा रंग नाही, कुणीतरी लावलेलं वार्निश किंवा बूटपॉलिश आहे. हिरवे ठिपके झाकायला बूटपॉलिश फासून पदक विकायची युक्ती जुनी आहे, आणि पदक नाकाशी धरलं की बऱ्याचदा ती उघडी पडते. बोळा स्वच्छ राहिला तर पदक पाच-दहा मिनिटं ॲसिटोनमध्ये बुडवा, काढा, वाऱ्यावर वाळू द्या. घासायचं नाही. ॲसिटोन पटकन पेटतं, म्हणून स्वयंपाकघरात किंवा देवघरात निरांजनाजवळ हे काम नको. मुलामा, रंग किंवा चिकटवलेलं काही असलेल्या पदकावर तर नकोच.

खोबरेल तेलाचंही इथंच सांगतो. "तेलाचा हात फिरवला की चमकतं" हे खरं, पण तेलातली आम्लं तांब्याशी मिळून हिरवा साबणच तयार करतात. गंज सोडवायचे फवारेही नकोत.

कडी आणि काठ

पदकाला गळ्यात घालायला कडी झाळलेली असेल आणि हिरवं फक्त तिच्याभोवतीच असेल, तर कारण जवळजवळ ठरलेलं. झाळताना नवसागर किंवा झिंक क्लोराइड वापरतात. दोन्ही क्लोराइडच. काम झाल्यावर नीट धुतलं नाही तर ते सांध्यात शिरून बसतं आणि दर पावसाळ्यात कडीच्या बुडाशी हिरवी बांगडी उमटते. अशी कडी सोनाराकडून 'काढून घेणं' म्हणजे पुन्हा उष्णता आणि पुन्हा नवसागर. त्या फंदात पडू नका.

आता काठ. भिंगाखाली काठाभोवती पूर्ण फेरी मारा. मधोमध बारीक सांधरेषा दिसली तर ते छाप मारलेलं पदक नसून इलेक्ट्रोटाइप आहे. म्हणजे विजेच्या साहाय्यानं साच्यात तांब्याची दोन पातळ कवचं बनवून, आत बहुतेकदा शिसं भरून ती जोडलेली. एकोणिसाव्या शतकात अशा प्रती सर्रास बनत, आणि त्या बनवणारे सगळे काही फसवणूक करत नसत. संग्रहालयंही दुर्मिळ नमुन्यांच्या अशा प्रती करवून घेत. अडचण अशी की सांध्यात अडकलेले क्षार रेषेतून हिरवट-निळे झिरपत राहतात आणि ते पुसून कधीच संपत नाहीत. सांध्याशी पांढरी पूडही असेल तर आतलं शिसं गंजतंय. असं पदक पाण्यात बुडवू नका. ती पूड विषारी असते. हात धुवा आणि लहान मुलांपासून लांब ठेवा.

काठ बघताच आहात तर पॅरिसच्या पदकांचे शिक्केही वाचून घ्या. बोट दाखवणारा हात १८४५ ते १८६०, मधमाशी १८६० ते १८७९, आणि धान्यफळांनी भरलेलं शिंग १८८० पासून पुढे, सोबत 'क्विव्र' म्हणजे तांबं किंवा 'ब्राँझ' हा शब्द. त्या टांकसाळीनं जुने साचे वापरून पुढेही पदकं काढली. त्यामुळे नेपोलियनच्या काळाची तारीख आणि काठावर शिंग, असं दिसलं तर ते नंतरचं आहे. क्षरणाशी याचा संबंध नाही, पण उपचारावर किती खर्च करायचा हे ठरवायला उपयोगी पडतं.

आर्द्रता मोजा

इथून खिशाला हात घालावा लागतो, तोही फारसा नाही. छोटं डिजिटल आर्द्रतामापक घ्या. स्वस्तातली यंत्रं चार-पाच टक्क्यांनी चुकतात, म्हणून आधी ताडून बघा. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, आणि ते मापकासोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ यायला हवा. ७९ आला तर तुमचं यंत्र चार जास्त सांगतं, तेवढे वजा धरा. झाकण आणि मीठ मग दूर ठेवा, पदकाच्या डब्यात राहू देऊ नका. हे सांगायची वेळ आलेली आहे.

आता पदकं ठेवता त्या जागी मापक आठवडाभर ठेवा. एसीच्या खोलीत दिवसा ५० आणि रात्री एसी बंद झाल्यावर ७५, असं दिसलं तर खोली कोरडी आहे या समजुतीत राहू नका. गार खणातलं पदक दमट व्हरांड्यात आणलं की त्यावर दव धरतं, ते तर थेट पाणीच. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवत असाल तर तिथंही डबा हवाबंदच हवा.

उपाय सिलिका जेलचा. नारिंगी रंगाचं, ओलं झालं की हिरवं होणारं घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते टाळा. प्रमाण ढोबळमानानं डब्याच्या प्रत्येक लिटरमागे २० ग्रॅम, म्हणजे पाच लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम. जेल सुती पुरचुंडीत, पदकाला न टेकता. मापक डब्यातच ठेवा आणि आकडा ३५ च्या खाली राहतोय का ते बघा. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून, गार करून परत वापरता येतं. गार व्हायच्या आत डब्यात टाकू नका. पावसाळ्यात डबा कारणाशिवाय उघडू नका. बघायची हौस मार्गशीर्षात भागवा.

दहापैकी सात-आठ पदकांना एवढंच पुरतं, असा माझा अनुभव. पूड नाहीशी होत नाही, पण वाढत नाही. चक्र थांबतं.

शंका उरलीच तर

जागेवरून आणि टूथपिकवरून ठरत नसेल, तर एक कसोटी आहे. पदक एका छोट्या बंद डब्यात, शेजारी डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेला कापूस (पदकाला न लागता), एक दिवस ठेवा. नवे फिकट ठिपके आले तर क्षरण सक्रिय आहे. ही कसोटी म्हणजे रोगाला मुद्दाम जागं करणं, म्हणून ती साध्या पदकावरच. दुर्मिळ पदकाला सक्रिय समजूनच कोरड्या डब्यात टाका.

पुरात भिजलेलं किंवा नुकतंच मीठ-चिंच लागलेलं पदक मात्र धुवायला हवं, आणि ते नळाच्या पाण्यानं नाही, त्यात क्लोरीन आणि क्षार असतात. मेडिकलमधलं डिस्टिल्ड पाणी, काचेची वाटी. पदक बुडवून ठेवा, काही तासांनी पाणी बदला, असं दोन-तीन दिवस. नंतर मऊ कापडानं टिपून पंख्याखाली पूर्ण वाळवा, उन्हात नाही. इलेक्ट्रोटाइप, कडी झाळलेली आणि मुलामा दिलेली पदकं यातून वगळा.

पूर्ण वाळलेल्या, दोन-तीन महिने डब्यात शांत राहिलेल्या पदकावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात चालतो. सक्रिय पुडीवर मेण लावणं म्हणजे ओलावा आणि मीठ आत कोंडणं.

इथं थांबा

रासायनिक उपचार घरी करू नका. सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात आठवडेच्या आठवडे बुडवणं, बेंझोट्रायाझोलचा हात देणं, या पद्धती खऱ्या आहेत, संग्रहालयांत वापरल्या जातात. पण त्या मुख्यतः जमिनीतून निघालेल्या वस्तूंसाठी रूढ झाल्या, जिथं टांकसाळीचा रंग वाचवायचा नसतो. १८५१ च्या पदकाची चॉकलेटी साल अशा द्रावणात रंग बदलू शकते. बेंझोट्रायाझोल आरोग्यालाही बरं नाही, ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर हाताळायची वस्तू नव्हे.

यातलं काहीही दिसलं तर धातूंच्या संवर्धकाकडे जा : पूड चेहऱ्यावर किंवा कोरणाऱ्याच्या सहीवर आहे आणि खाली खड्डा आहे, डब्यात ३५ टक्क्यांना ठेवूनही महिन्याभरात पूड वाढली, तपकिरी साल पापुद्र्यांनी सुटतेय, काठातून झिरपतंय किंवा पांढरी पूड आहे, सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा आहे, पदक अशा जातीचं आहे की त्याच्या जागी दुसरं मिळणार नाही.

संवर्धक म्हणजे पॉलिश करणारा नव्हे. "अगदी नव्यासारखं करून देतो" असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून पदक परत खिशात घाला. बडोद्यात सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. तिथं चौकशी केली तर या कामातली माणसं कळू शकतात. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, लखनौला सांस्कृतिक संपत्तीच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा. जाताना तुमचे तारखेचे फोटो आणि डब्यातल्या आर्द्रतेचे आकडे घेऊन जा. त्यांचा निम्मा वेळ वाचतो. तीन प्रश्न आधी विचारा : सालीचा रंग बदलेल का, वापरलेलं द्रव्य नंतर काढता येईल का, आणि केलेल्या कामाची लेखी नोंद फोटोंसह मिळेल का. तिसऱ्याला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे बघा.

परदेशी पाठवून उपचार किंवा ग्रेडिंग (म्हणजे दर्जा ठरवून पदक प्लास्टिकच्या कवचात बंद करून देणं) करून घ्यायचा विचार असेल तर आधी १९७२ चा पुरावशेष आणि कलासंपदा कायदा बघा. शंभर वर्षांवरच्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, कुरियरनंही नाही. आणि ग्रेडिंगच्या बंद कवचात गेलं म्हणून क्षरण थांबत नाही. आत मीठ असेल तर पूड कवचाच्या आत येते, मग तुम्ही ती नुसती बघत बसता.

मुंबईला नेताना पदक बिनआम्ल कागदात गुंडाळून, सिलिका जेलसह छोट्या हवाबंद डब्यात, हातातल्या पिशवीत ठेवा. वर्तमानपत्रात नाही, गाडीच्या डिकीत नाही. संवर्धकानं परत दिल्यावर पहिला पावसाळा ते वेगळ्या डब्यात काढा, बाकीच्यांत लगेच मिसळू नका, आणि आश्विनात एकदा भिंगाखाली धरून जुन्या फोटोशी ताडून बघा.